होडीचं तोंड वाऱ्याकडे

10 नोव्हेंबर 2024

पहाटेच फुलमस्तेच्या धरणावर. पाणी निवळलंय. वल्हं बुडवलं तर त्याचं पातं खालपर्यंत दिसतं. फ्लायला असंच पाणी हवं. इथे कणकेचा गोळा नाही, गांडूळ नाही, वास नाही. माशाने डोळ्याने पाहायचं आणि फसायचं.

संस्थेकडे आधी विचारून आलो होतो. ठेका मच्छीमार सहकारी संस्थेचा. बोटुकली विकत आणून तेच सोडतात, राखणही तेच करतात. त्यांना न विचारता गळ टाकणं मला पटत नाही.

होडी इथल्या मच्छीमार तात्यांची. फायबरची, दोन फळ्यांची, दोन वल्ह्यांची. स्वतः ते थर्माकोलच्या चप्पूवर जाळं टाकतात. होडी पाहुण्यांसाठी.

11 नोव्हेंबर

कालचं लिहायचं राहिलं. फ्लायला वजनच नसतं. गळावर गुंडाळलेलं पीस आणि लोकर, एवढंच. फेकली जाते ती जाड दोरी, फ्लाय तिच्यामागे ओढली जाते. मग दोरी पाण्यावर सरळ पडून राहावी लागते, म्हणजे मासा लागल्याचं बोटाला कळतं. काल वारा पाठीमागून होता. होडी आपोआप फ्लायकडे सरकायची, दोरी सैल पडायची. मासे आले असतील, गेले असतील. मला पत्ता नाही.

आधी होडी जागेवर थांबली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

17 नोव्हेंबर

तात्यांचा नांगराचा दगड काळा, आपल्याच डोंगरातला. त्याला नायलॉनच्या जुन्या जाळ्याची पिशवी. मी दगड उचलून टाकायला गेलो तर हात धरला.

"काहून आपटता भाऊ? सगळे मासे पळवता का? हळू सोडा. पाण्याला कळू बी द्यायचं न्हाई."

वल्हवून वाऱ्याच्या अंगाला वर गेले. दगड हाताहाताने खाली सोडला. मग होडी वाऱ्याने मागे सरकू दिली, दोर सुटत गेला. दोन परस पाण्याला त्यांनी सहा-सात परस दोर सोडला. एवढा कशाला म्हणून विचारलं.

"आखूड दोर दगुड उचलतो. लांब दोर दगुड वढतो. वढू द्या, उचलू देऊ नका."

पुस्तकांत हेच आकड्यात असतं: खोलीच्या किमान तिप्पट दोर, वारा जोराचा असेल तर सातपट. ओढ जितकी आडवी तितकी पकड घट्ट. तात्यांनी ती पुस्तकं पाहिलेली नाहीत.

18 नोव्हेंबर

माझं औषधांचं दुकान बंद करून शेजारच्या किराणा दुकानात गेलो. ताणकाट्याला दगड अडकवला, आधी हवेत, मग बादलीत बुडवून. बसाल्टचा दहा किलोचा दगड पाण्यात साडेसहा किलोच्या आसपास भरतो. सिमेंटचा गोळा त्याहून हलका, सहाच्याही खाली. दहा किलो लोखंड मात्र पावणेनऊच्या जवळपास राहतं. म्हणजे नुसत्या वजनावरच भरवसा असेल तर लोखंड बरं.

पण वजनाने काम फार होत नाही. खरं काम नांगराच्या पात्याचं, ते तळात रुततं. आणि तळ काय आहे त्याचं. मधल्या भागात काळा गाळ, तिथे काहीही रुततं. कडेला मुरूम, तिथे दगड घसरत जातो.

20 नोव्हेंबर

मतदान. बोटाला शाई लावून दुपारी धरणावर. एकही मासा नाही.

1 डिसेंबर

थंडी चांगली पडली. पाण्यावर वाफ. चक्रवाक आलेत, दोन जोड्या तरी. पाणकावळा बाभळीच्या शेंड्यावर पंख वाळवत बसलेला.

उथळ कडेला गवतात मरळ. त्याला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते, म्हणून दिसतो. एक गोल घोट, पाणी थोडं हलतं, मग काही नाही. तिथे होडी नेऊन थांबवायची तर वल्ह्याचा एक ठोकाही चालत नाही. लांबूनच दगड सोडला आणि दोर देत देत होडी वाऱ्याने सरकवली. गवतापासून एका फेकीवर येऊन थांबली. वल्हं हातात घ्यावं लागलं नाही.

फ्लाय गवताच्या कडेला पडली. दोन झटके. तिसऱ्याला पाणी फुटलं.

सोडून दिला. गळाचा काटा पकडीने आधीच दाबून ठेवतो, सुटायला वेळ लागत नाही. तात्या काठावरून बघत होते. काही बोलले नाहीत. त्यांचं पोट या माशांवर चालतं. मी सोडतो ते त्यांना कसं वाटत असेल, हा विचार रात्रीपर्यंत गेला नाही.

2 डिसेंबर

विचारलं. म्हणाले, "तुम्ही सोडला तर माझ्या जाळ्यात येईल. माझं काय जातंय?"

8 डिसेंबर

होडी जागेवर थांबते, पण डुलते. दोराच्या टोकाला डावीकडे, उजवीकडे. फेक सुटेपर्यंत निशाण बदललेलं असतं. मागच्या बाजूने दुसरा लहान दगड सोडला. होडी शांत झाली, वाऱ्याला आडवी. डाव्या खांद्यावरून वारा येईल अशी बसलो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला हे सांभाळावंच लागतं. उजवीकडचा वारा गळ थेट कानात आणून रुतवतो.

तात्यांना दोन दगड पसंत नाहीत. "झुळूक असली तर ठीक. वारा उठला की मागचा पयला काढा. आडव्या होडीत लाट घुसती."

ओलं गोणपाट होडीच्या तळाशी अंथरलं. फ्लायची सुटी दोरी त्यावर पडते. नाहीतर वल्ह्याच्या खुंटीत, चपलेत, जेवणाच्या डब्यात, सगळीकडे अडकते.

15 डिसेंबर

दोर बदलला. बाजारातली निळी प्लास्टिकची दोरी स्वस्त, पण पाण्यावर तरंगते. फ्लायची दोरी तिच्यात जाऊन गुंतते. नायलॉनचा दोर बुडतो, आणि ताण आला की थोडा लांबतो, होडीला हिसका बसत नाही. भंगारवाल्याकडून हातभर साखळी आणली, दगड आणि दोर यांच्या मधे बांधली. साखळीच्या वजनाने दोराचं खालचं टोक तळाला टेकून राहतं.

बायकोने विचारलं, औषधांच्या दुकानात ही साखळी कशाला. समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, पोहता येतं म्हणून निष्काळजी राहू नका.

22 डिसेंबर

रात्री फ्लाय बांधत बसलो. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं किनगावहून मागवली होती. तांबडी, कडक, पाण्यात न चिकटणारी. विलायती पुस्तकांत जुन्या फ्लायना राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं लावलेली दिसतात, लाखेच्या थेंबासारख्या ठिपक्यांची. तो पक्षी आपल्या सह्याद्रीतला. एकेकाळी ही पिसं इथूनच परदेशी जात. आता रानकोंबड्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असलंच पाहिजे. घरच्या कोंबड्याच्या पिसांवरही मासा तेवढाच येतो.

29 डिसेंबर

‘मानसोल्लासा’तला मत्स्यविनोद वाचला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. आपला मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात. माशांच्या जाती, कोणता कुठल्या पाण्यात राहतो, त्याला काय खायला घालून जागेवर आणायचं, काठी, दोरी, गळ. राजाने हे सगळं नीट नोंदवून ठेवलंय. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये या प्रकरणावर लिहिलं, तेव्हा ते जगाच्या नजरेला आलं. इंग्रज ज्याला गळाच्या मासेमारीचा अभिजात ग्रंथ मानतात तो वॉल्टनचा, 1653 चा. सोमेश्वर त्याच्या पाचशे वर्षं आधीचा.

शाळेत हे कुणी सांगितलं नाही याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे गळ म्हणजे रिकामटेकड्यांचं काम.

5 जानेवारी 2025

शहरातून तिघं आले होते. रॉड नवे, रील नवं. होडी दुसऱ्या एकाची. दगड त्यांनी मागच्या बाजूला बांधला, कारण बसणारा मागे तोंड करून फेकत होता आणि त्याला ते सोयीचं होतं. साडेदहाला वारा वाढला. होडीचं तोंड उंच आणि निमुळतं, लाट त्यावर चढून दोन्हीकडे फुटते. मागची बाजू सपाट आणि बुटकी. त्यात तिथेच दोघं बसलेले. दगडाने तीच बाजू खाली ओढून धरली. पहिली लाट आत, दुसरी आत.

तात्या काठावरून ओरडले, "दोर कापा! कापा दोर!"

त्यांच्याकडे सुरी नव्हती. गाठ निरगाठ, ओली, ताणलेली.

होडी भरली. पाणी छातीएवढं होतं म्हणून तिघं चालत बाहेर आले. एकाच्या अंगावरही लाइफ जॅकेट नव्हतं. तिथून वीस हात पुढे तळ एकदम खोल जातो. जुन्या नदीचं पात्र.

संध्याकाळपर्यंत हात थरथरत होते. दुकानात एकाला गोळ्या देताना दोनदा मोजल्या.

6 जानेवारी

सुरी घेतली. होडीच्या तोंडाशी दोरीने बांधून ठेवली. दगडाचा दोर यापुढे तोंडाच्या कडीला, सुरगाठीने. एका हिसक्यात सुटली पाहिजे. घरी पलंगाच्या पायाला बांधून, डोळे मिटून सोडून बघितली.

14 जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन तात्यांकडे. बाभळीवर नायलॉन मांजात अडकलेला बगळा. पोराने काढला, पंख तुटलेला. मांजा आणि गळाची तुटकी तंगूस, पाखराला दोन्ही सारखीच. काठावरून तंगुशीचे तुकडे गोळा केले, पिशवीभर निघाले. सगळ्यांनीच करायला हवं हे.

पोरगं म्हणजे तात्यांचा नातू. दहावीला आहे. हात पाण्यासारखे सहज चालतात त्याचे. चप्पूवर उभा राहून जाळं टाकतो. उभा.

2 फेब्रुवारी

चिलापी. हातात मावतील एवढ्या. लहान काळ्या फ्लायवर, एकामागून एक. होडी सकाळभर एका जागी. दोर तोंडाला, वारा समोरून, फेक मागे वाऱ्याबरोबर. एवढं शांत होडीत कधी बसलो नव्हतो.

21 फेब्रुवारी

दहावीची परीक्षा सुरू. पोराला पेन दिलं. त्याने विचारलं, "काका, परीक्षा झाल्यावर मला ते फेकायला शिकवाल?" शिकवीन म्हणालो.

26 फेब्रुवारी

महाशिवरात्र. घरी.

9 मार्च

पाणी झपाट्याने उतरतंय. काठावर मोटारींची रांग, उसाला आणि मक्याला पाणी चाललंय. उघड्या पडलेल्या गाळात कुणी कुणी टरबूज लावलंय. जुन्या बाभळींची खोडं वर डोकावायला लागली. पाण्याखाली किती असतील!

दगड एका खोडात अडकला. वरून ओढला, आडवा ओढला, होडी गोल फिरवून ओढला. तात्या म्हणाले, "दोराला दुसरं शेपूट पायजे." त्यांची पद्धत: जाळीच्या पिशवीच्या तळाला वेगळी पातळ दोरी, तिच्या टोकाला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन. कॅन वर तरंगत राहतो. दगड अडकला की कॅनच्या बाजूने, उलट्या दिशेने ओढायचा. ज्या वाटेने दगड फटीत गेला त्याच वाटेने बाहेर येतो.

आणि दुसरा उपयोग मला नंतर सुचला. वारा उठला तर दगड काढत बसायला नको. दोर सोडून द्यायचा, पळायचं. दगड कुठे आहे ते उद्या कॅन सांगेल.

14 मार्च

धुळवड. धरणावर फार गर्दी. पोरं रंग धुवायला पाण्यात उड्या मारतायत. मी दिवसभर तिथेच बसलो, गळ न टाकता.

23 मार्च

पोराला शिकवलं. दुपारपर्यंत त्याची फेक माझ्यापेक्षा लांब. मनगट मऊ आहे. चप्पूवरून फेकायचं म्हणतो. चप्पूवर बसून फेक, म्हटलं, उभ्याने नाही. मान हलवली. ऐकणार नाही.

30 मार्च

पाडवा. तात्यांना जॅकेटबद्दल बोललो. पोराला तरी घाला.

"आमच्या बापजाद्यांनी पाण्यातच जलम काढला भाऊ."

खरं आहे. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते जास्त खरं. जॅकेट उन्हात भाजतं. त्याच्या पट्ट्यांत, बकलांत जाळं अडकतं आणि माणसालाच ओढतं. कुणीतरी एकदा काही जॅकेटं दिली होती, जाड, मोठ्या बोटीतली. ती आता घरांवर पत्र्याखाली ठेवली आहेत, ऊन लागू नये म्हणून.

म्हणजे यात हट्टापेक्षा सोयीचा भाग मोठा आहे. गैरसोयीची वस्तू फुकट दिली तरी अंगावर चढत नाही.

6 एप्रिल

शहरात जाऊन शोधलं. अंगाला घट्ट बसणारं, पुढे चेन, बाहेर लोंबणारं काही नाही, बाह्या मोकळ्या. पोराला घालून पाण्यात उतरवलं. हात फिरवून बघितले, जाळं टाकून बघितलं. चेनवर फडक्याची पट्टी शिवून घेतली, जाळ्याची तार अडकू नये म्हणून.

"चालतंय," म्हणाला.

तात्यांसाठी आणलेलं त्यांनी होडीत बसायला घेतलं, फळीवर.

27 एप्रिल

उन्हाचा कडाका. सकाळी आठनंतर बसवत नाही. पाणी खाली, कोमट. मासे खोलात. फक्त मरळ वर येतो.

13 मे

पोराचा निकाल. पास झाला. पेढे घेऊन दुकानात आला. अकरावीला फुलंब्रीतच घालणार की शहरात, अजून ठरलं नाही.

18 मे

यंदा वळीव थांबतच नाही. रोज दुपारनंतर ढग. कांदा शेतात भिजला लोकांचा. दुकानात तापाची औषधं पावसाळ्यासारखी चाललीत.

21 मे

सकाळी उघडीप होती म्हणून गेलो. मी आणि तात्या होडीत, पोरगं पलीकडे चप्पूवर, जाळं काढायला. अकराच्या सुमारास पश्चिमेला काळं उभं राहिलं. वारा आधी पडला. पूर्ण पडला. टिटवीही गप्प.

तात्या उठले. "दोर सोडा. दगुड ऱ्हाऊ द्या."

सुरगाठ ओढली. कॅन पाण्यावर तसाच राहिला. मी वल्ही मारली, तात्या मागे बसले. काठ शंभर हातांवर असताना वावटळ आली. धूळ, मग पाण्याचा मार. होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायचं, एवढंच करत होतो. पुढे जात होतो की मागे, कळत नव्हतं. फळीवरचं जॅकेट उडालं. तात्यांनी झेप घेऊन धरलं आणि अंगात घातलं.

काठाला लागलो तेव्हा पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

तात्या हाका मारत होते. वाऱ्यात माझ्यापर्यंतसुद्धा आवाज येत नव्हता.

पाऊण तास. कदाचित कमी. घड्याळ पाहिलं नाही.

मग सांडव्याच्या बाजूने काठाकाठाने चालत आला. अनवाणी. चप्पू गेला, जाळं गेलं. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. चप्पू उलटल्यावर हातपाय न मारता पडून राहिला, म्हणाला. वाऱ्याने त्याला काठावर नेलं.

तात्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच खाली बसले.

22 मे

झोप नाही. तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, सकाळी डबा भरून दिला, तिघांचा.

कॅन होता तिथेच तरंगत होता. त्या बाजूने ओढला, दगड पहिल्याच ओढीत वर आला. चप्पू खालच्या कोपऱ्यात बाभळीत अडकलेला सापडला, अर्धा फुटलेला. जाळं नाही.

तात्या: "भाऊ, असली आणखी कितीला मिळतील?"

26 मे

मुंबईत पावसाळा पोचला. इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. इथे तर महिनाभर पाऊसच चालू आहे. धरणात गढूळ पाणी येतंय. फ्लायचं काम आता पाणी निवळेपर्यंत बंद.

गवतात मरळाची पिल्लं. लालसर झुबका, पाण्याच्या वरच्या थरात सरकतो, खाली आईबाप राखण करतात. या दिवसांत ते समोर येईल त्यावर धावून जातात, गळावर तर लगेच. म्हणूनच आता टाकायचा नाही. राखण करणारा मरळ काढला तर अख्खा झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

1 जून

संस्थेच्या लोकांसमोर बोललो. चेनवालं जॅकेट दाखवलं, पोराने घालून दाखवलं. सुरगाठ तर त्यांनीच मला शिकवावी अशी. तरी चप्पूला दगड मागून बांधण्याची सवय काहींना आहे, सोय म्हणून. त्यावर तात्या बोलले. माझ्यापेक्षा नीट बोलले.

चेनवाली जॅकेटं घ्यायचं ठरलं. पैसे सगळ्यांपुरते नाहीत. आधी पोरांना.

जे कुणी आपल्या भागातल्या धरणांवर गळ घेऊन येतात त्यांना सांगणं आहे. होडी तोंडाकडूनच बांधा, मागून कधीच नाही. दोर सुरगाठीने बांधा, सुरी जवळ ठेवा. पश्चिमेला ढग दिसला की दगडाचा मोह सोडा. आणि तुमच्याकडे अंगाला घट्ट बसणारं, चांगल्या स्थितीतलं जॅकेट पडून असेल, तर धरणावर येताना ते घेऊन या आणि काठावर जो जाळं टाकत असेल त्याला द्या.